काळ्या तेलाचा डबा कुणाच्या हाती द्यावा?

माझ्या मामांचे गोव्यात, फोंड्याला लहानसे हॉटेल आहे. सकाळी पुरी-भाजी, बन्स, मिरची-भजी; दुपारी माशांची थाळी; संध्याकाळी समोसे, बटाटवडे आणि चहा. मागच्या दाराशी, सिलिंडरांच्या बाजूला पत्र्याचे दोन-तीन डबे कायम असायचे. कढईतले तेल काळे पडले की थंड करून त्यांत ओतायचे. डबे भरले की एक माणूस टेंपो घेऊन यायचा, रोख पैसे मोजायचा आणि डबे उचलून न्यायचा. ना पावती, ना नावगाव. "हे तेल पुढं जातं कुठं?" मी एकदा मामांना विचारले.

"साबणाला जातं म्हणतो, बाय," मामा म्हणाले. "आपण काही त्याच्या मागं जाऊन बघितलेलं नाही."

हॉटेलातल्या उरलेल्या तेलापासून गाडीचे इंधन होते, हे मामांनी ऐकले होते. बहुतेक हॉटेलवाल्यांनी ऐकलेले असते. पण डब्याचे इंधन व्हायला मध्ये काय काय घडावे लागते, ते कोण करते आणि त्यात हॉटेलवाल्याचा वाटा किती, हे सांगणारे कुणी भेटत नाही. गेल्या वर्षभरात या डब्याच्या मागे लागून मला जे समजले ते इथे लिहिते आहे.

सुरुवात कढईपासून करू. तळणाचे तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसवर असते. त्यात पुरी सोडली की पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि बुडबुडे येतात. हे पाणी जाता जाता तेलाचे काही रेणू फोडते आणि तेलात आम्ले सुटी होतात. वरून हवेतला प्राणवायू तेलाला खवट करत असतो. दिवसभर तापणारे रेणू एकमेकांना जुळून लांब आणि चिकट होत जातात ते वेगळेच. कढईच्या काठाला तपकिरी, घासून घासून हात दुखले तरी न निघणारा थर बसतो ना, तो याच चिकट रेणूंचा.

या सगळ्या बिघाडाची गोळाबेरीज दाखवणारे एक माप आहे, एकूण ध्रुवीय संयुगे. व्यवहारात सगळे टीपीसी म्हणतात. टीपीसी २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणाला वापरायचे नाही, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून लागू केला. हे मोजायला हातात धरायचे मीटर मिळते. गरम तेलात टोक बुडवले की आकडा येतो. मोठ्या हॉटेलांकडे ते असते. मामांसारख्यांकडे स्वयंपाक्याचा डोळा असतो. तेल लवकर धुरायला लागले, फेस बसेना, वास कडवट येऊ लागला, की बदला. रंगावर मात्र फार विसंबू नये. मसाल्यात घोळलेली मिरची तळली की चांगले तेलही दोन घाण्यांत लालसर होते आणि नुसत्या पुऱ्या तळलेले तेल खराब होऊनही बराच काळ उजळ दिसते.

आता प्रश्न गाडीचा. हे तेल गाळून थेट डिझेलच्या टाकीत ओतले तर? गाडी चालेल का?

काही गाड्या चालतील, काही दिवस. कल्पना जुनीच आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. पण त्या काळची इंजिने धीमी आणि ढोबळ होती. आजच्या इंजिनात इंधन केसाएवढ्या बारीक छिद्रांतून, प्रचंड दाबाने, धुक्यासारखे फवारले जाते. खाद्यतेल डिझेलपेक्षा साधारण दहापट दाट. त्याचा फवारा धुक्यासारखा होत नाही, धारेसारखा होतो. धार पूर्ण जळत नाही. अर्धवट जळलेले तेल मग फवारणीच्या तोंडाशी, पिस्टनच्या कड्यांत, व्हॉल्व्हवर साचते, आणि कढईच्या काठावरचा तो तपकिरी थर आता इंजिनात बसायला लागतो. परदेशात हौशी लोकांनी जुन्या गाड्यांत दोन टाक्या बसवून मार्ग काढला होता: गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिनाच्या उष्णतेने तेल तापवून पातळ करायचे, मग तेलावर यायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर जायचे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक मानकाच्या, गाड्या आल्या. त्यांच्या नाजूक फवारणी यंत्रणेशी आणि धूर गाळणाऱ्या फिल्टरशी असले प्रयोग करू नयेत, असे मी अगदी मनापासून सांगेन. शिवाय इथली बरीच हॉटेले पामतेल वापरतात, ते थंडीत थिजते. खोबरेल तर २४-२५ अंशांनाच गोठते. डिसेंबरात सत्तरी तालुक्यातल्या पहाटे टाकीतले तेल लोण्यासारखे झालेले असेल.

म्हणून तेलाचे बायोडिझेल करतात.

तेलाचा रेणू त्रिशूळासारखा समजा. खालचा आडवा दांडा ग्लिसरीनचा आणि त्यावर मेदाम्लांची तीन लांब पाती. हा पसारा मोठा म्हणून तेल दाट. बायोडिझेल करताना तिन्ही पाती दांड्यापासून सोडवायची आणि प्रत्येक पात्याच्या बुंध्याशी मिथेनॉल नावाच्या अल्कोहोलचा छोटासा तुकडा जोडायचा. सुटी झालेली पाती पातळ असतात. दाटपणा डिझेलच्या जवळपास येतो, इंजिनाला तो चालतो. हे घडवून आणायला कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश थोडासा लागतो आणि तेल ६० अंशांच्या आसपास ठेवून ढवळावे लागते. १०० किलो तेलात साधारण ११ किलो मिथेनॉल खर्ची पडते आणि मिळते जवळजवळ १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन. ग्लिसरीन जड, ते तळाशी बसते. वरचे बायोडिझेल काढून घ्यायचे, त्यातले उरलेले मिथेनॉल, साबण आणि पाणी काढायचे, मग त्याची चाचणी. भारतात शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे. त्यात बसले तरच ते इंधन. नाव बायोडिझेलचे आणि आत भलतेच औद्योगिक तेल, असले प्रकारही देशात पकडले गेलेले आहेत, तेव्हा या कागदाला महत्त्व आहे.

कढईत सुटलेल्या त्या आम्लांचा त्रास इथे सुरू होतो. आम्ल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण होतो. तेल जितके जास्त वापरलेले तितकी आम्ले जास्त, तितका सोडा वाया, तितका साबणाचा फेस, आणि बायोडिझेल कमी. त्यात पाणी असेल तर हाल विचारू नका. बायोडिझेल आणि ग्लिसरीन वेगळे व्हायलाच तयार होत नाहीत. म्हणून प्रत्येक लॉटची आम्लता आधी मोजतात. १ मिलिलिटर तेल थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात लिटरला १ ग्रॅम कॉस्टिक सोडा घातलेले पाणी थेंबाथेंबाने सोडायचे, रंग पालटेपर्यंत. ताज्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम सोडा पुरतो असे धरले, तर चाचणीत जितके मिलिलिटर पाणी लागले तितके ग्रॅम वर घालायचे. रंग पालटणारे द्रव्य प्रयोगशाळेत वेगळे असते, पण हौशी लोक चक्क हळद वापरतात. हळदीला चुना लावला की ती लाल होते आणि त्याचे कुंकू करतात, हे आपल्या आज्यांना कुणी शाळेत शिकवले नव्हते. तेच रसायन. आम्ल संपून सोडा उरायला लागला की पिवळे पाणी लालसर होते.

ही चाचणी वाचून कुणाला घरी बायोडिझेल करून बघावेसे वाटेल, म्हणून इथे थांबून सांगते: करू नका. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेले तर दृष्टी आणि जीव दोन्ही जाऊ शकतात. ते ६५ अंशांनाच उकळते, त्याची वाफ पेटते आणि उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही.

रसायन इथे संपले. एका कारखान्यात, चार माणसांत होणारे हे काम आहे. अवघड गोष्ट त्याच्या आधीची: तेल मिळवणे.

२०१९च्या जागतिक जैवइंधन दिनी, १० ऑगस्टला, सरकारने एक हिशेब मांडला होता. देशात वर्षाला सुमारे २७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरले जाते. त्यातले १४० कोटी लिटर वापरलेले तेल हॉटेले, उपाहारगृहे, कँटीन अशा मोठ्या ग्राहकांकडून गोळा होऊ शकते, आणि त्याचे सुमारे ११० कोटी लिटर बायोडिझेल होईल. म्हणजे शंभर लिटरमागे पाचच लिटर हाती लागण्याजोगे. बाकीचे आपण खातो, किंवा ते घराघरांत वाटी-वाटीने उरते आणि मोरीत जाते.

गोव्यात हे पाच लिटर शोधायचे कुठे? मी एका नोंदणीकृत संकलकाच्या टेंपोत तीन दिवस फिरले, तेव्हा माझा पहिलाच अंदाज चुकला. मला वाटले होते, गोवा म्हणजे मासे, मासे म्हणजे तळण, तेव्हा दारोदारी तेल. पण आपला रवा लावलेला बांगडा किंवा इसवण तव्यावर, दोन पळ्या तेलात भाजला जातो. तेल माशाबरोबर ताटात जाते, उरते ती जळलेल्या रव्याची चूर. तेल उरते ते खोल कढईत आणि फ्रायरमध्ये. किनाऱ्यावरची रेस्टॉरंटे जिथे बटाट्याच्या फ्राइज आणि माणक्यांच्या (स्क्विडच्या) कड्या तळतात, मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरे, फरसाणवाले, समोसे पुरवणारे, उडप्यांची हॉटेले, कॉलेज-कारखान्यांची कँटीने. आणि आपले खाजेवाले. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत खाज्यांचे ढीग दिसतात, पण ती बेसनाची कांडी गुळाच्या पाकात जाण्याआधी तेलातून निघालेली असते, हे तेल गोळा करणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

टेंपोवाल्या दादांकडे एक काचेची लांब नळी होती. ते मला फार आवडले, कारण त्यात कसलेही यंत्र नाही. डब्यात नळी हळूच तळापर्यंत सोडायची, वरच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि वर काढायची. डब्याचा पूर्ण उभा छेद नळीत दिसतो: वर तेल, मध्ये कधी दुधाळ थर, खाली पाणी, तळाला गाळ. खरेदी वजनावर असते आणि पाणी तेलापेक्षा जड. काही ठिकाणी भांडी विसळलेले पाणी त्याच डब्यात जाते, बहुतेक वेळा नकळत. शंका आली तर दादा थेंबभर तेल तापल्या तव्यावर टाकायला सांगायचे. तडतडले तर पाणी आहे. ही परीक्षा प्रत्येक स्वयंपाक्याला येते, फक्त ती या कामासाठी वापरायची हे कुणी सांगितलेले नसते.

वजनावरून आणखी एक गैरसमज होतो. हॉटेलवाला म्हणतो, माझा डबा १५चा आहे. पण १५ लिटर तेलाचे वजन भरते पावणेचौदा किलोच्या आसपास. काटा १५ दाखवत नाही म्हणून भांडण झालेले मी दोनदा पाहिले. संकलकाने हे आधीच समजावून सांगितले तर विश्वास टिकतो.

आता हिशेब बघा. समजा एका फेरीत ४० ठिकाणे झाली आणि प्रत्येकी १५ किलो मिळाले, तर ६०० किलो. पण ही ठिकाणे पेडण्यापासून काणकोणपर्यंत विखुरलेली असतील तर निम्मा वेळ रस्त्यात जातो आणि वाचवलेल्या डिझेलचा काही भाग गोळा करण्यातच जळतो. म्हणून संकलक एका दिवशी एकच पट्टा धरतात: कळंगुट-बागा एक दिवस, म्हापसा एक दिवस, मंगेशी-म्हार्दोळ-फोंडा एक दिवस. दोन-तीन मोठी हॉटेले मिळाली की त्यांच्या जिवावर वाटेतले छोटे डबे परवडतात. छोट्यांना वगळणारा संकलक फायद्यात दिसतो, पण छोट्या डब्यांना दुसरा गिऱ्हाईक मिळतोच, आणि तो कोण हे पुढे येईलच.

हंगामाचेही तसेच. पर्यटक ऑक्टोबरपासून येतात, मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक मोडले जातात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. कारखान्याला बाराही महिने तेल हवे आणि आपल्याकडे ते भरती-ओहोटीसारखे येते. वर पावसाळ्यात उघड्या डब्यात पागोळ्यांचे पाणी पडते ते वेगळेच.

दराची गोष्ट मुद्दाम सांगते, कारण सगळ्या गाठी तिथे बसतात. २०१९ साली सरकारी तेल कंपन्यांनी वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये दर जाहीर केला होता. त्यात हॉटेलवाल्याचे पैसे, टेंपो, गाळणे, मिथेनॉल, वीज, मजुरी, चाचण्या सगळे बसवायचे. बिनपावतीच्या गिऱ्हाइकाला यातले काही नसते. तो तेल फडक्यातून गाळतो, ताज्या तेलात मिसळतो आणि सुटे तेल म्हणून स्वस्तात विकतो. ते पुन्हा कुणाच्या तरी कढईत जाते. म्हणून तो किलोमागे चार रुपये जास्त देऊ शकतो. टीपीसीची मर्यादा ओलांडली म्हणून एका हॉटेलाने टाकलेले तेल दुसऱ्या गाड्यावर आपल्याच पोरांच्या भज्यांत येते. हे मला कळले त्या रात्री मला मामांच्या दाराशी यायचा तो टेंपो सारखा आठवत राहिला.

हीच साखळी तोडायला एफएसएसएआयने ऑगस्ट २०१८मध्ये रुको नावाची मोहीम सुरू केली: वापरलेल्या तेलाला दुसरे काम द्या. १ मार्च २०१९ पासून रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी किती तेल आणले, किती टाकले, कुणाला दिले याची नोंद ठेवायची आणि ते मान्यताप्राप्त संकलकालाच द्यायचे. मामा ५० लिटरांच्या खूप खाली. त्यांना नोंदवहीची सक्ती नाही, पण २५ टक्क्यांची मर्यादा त्यांनाही आहे. माझे स्पष्ट मत आहे की नोंदीची खरी गरज या छोट्यांकडेच आहे, कारण बिनपावतीचा टेंपो मोठ्या हॉटेलात जात नाही, तो मागच्या दाराशी जातो.

या तेलावर गोव्यातल्या सगळ्या गाड्या चालतील अशी आशा कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नका. देशात वर्षाला १० हजार कोटी लिटरपेक्षा जास्त डिझेल जळते. सरकारी अंदाजातले ११० कोटी लिटर म्हणजे त्याचा एक टक्का. पंपावरच्या डिझेलात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायची मुभा मानकात आहे, आणि २०१८च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. वापरलेले तेल त्यातला एक वाटेकरी. ज्याला जुन्या गाडीत जास्त प्रमाणाचे बायोडिझेल घालायचे असेल त्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ते टाकीतली जुनी घाण सोडवते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर चोंदतो. आणि जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात. लिटरमागे ताकदही डिझेलपेक्षा जराशी कमी.

तरीही हा एक टक्का मला मोलाचा वाटतो, कारण तो कढईत परत न गेलेला आणि गटारात न ओतलेला असतो. पणजीतल्या सांतिनेजसारख्या वस्तीत गटार तुंबले की आत काय निघते ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको: थिजलेले तेल आणि त्याला चिकटलेले बाकी सगळे.

मामांनी गिऱ्हाईक बदलले. नव्या संकलकाकडून आधी नोंदणीचा कागद मागितला, तेल कोणत्या कारखान्यात जाते ते विचारले, दर वेळी वजनाची पावती हवी म्हणून सांगितले. किलोमागे पैसे कमी मिळतात, ते त्यांनी मान्य केले. पत्र्याचे डबे गेले. झाकणाचे दोन कॅन आले. तेल गरम असताना न ओतता कोमट झाल्यावर बारीक गाळणीतून ओततात. हे सगळे खरे तर स्वयंपाकघरातला पोरगा करतो, आणि कॅनवर खडूने तारीख लिहायची कल्पनाही त्याचीच. आता तेल कधी बदलले याचा वाद होत नाही.

चतुर्थीला शेजारी नेवऱ्या तळतात. प्रत्येक घरी अर्धा-पाऊण लिटर उरते, त्याचे काय करायचे कुणाला कळत नसे. यंदा मामांनी मागच्या दाराशी तिसरा कॅन ठेवला आणि वाड्यावर सांगून ठेवले. आठ दिवसांत सहा घरांचे तेल आले, ४ किलो भरले. पावती मामांच्या नावाने झाली. खाली मामांनी पेन्सिलीने सहाही घरांची नावे लिहून ठेवली.